पाण्याच्या खेपा आणि बुडालेली शाळा

वाशिम-पुसद रस्त्यावरचं अनसिंग असो की आसपासचं एखादं छोटं गाव, उन्हाळा लागला की घरात पहिला प्रश्न एकच, पाणी कोण आणणार? उत्तर बहुतेक ठरलेलं असतं. आई, नाहीतर मोठी बहीण.

हिशेब करून बघा. २०१९मध्ये सुरू झालेल्या जलजीवन मिशनमध्ये ग्रामीण भागात माणशी रोज ५५ लिटर पाणी नळाने द्यायचं ठरलंय. पाच जणांच्या घराला झाले २७५ लिटर. नळ कोरडा असेल तर १५ लिटरचे अठरा हंडे भरावे लागतील. डोक्यावर एक, कमरेवर एक धरला तरी नऊ खेपा. एका खेपेला वीस मिनिटं धरली तर तीन तास गेले! रोज एवढं जमत नाही. मग हात धुणं, आंघोळ, संडासचं पाणी यात काटकसर सुरू होते. पुढे जुलाब, दवाखाना आणि बुडालेली मजुरी.

म्हणूनच पाणी, आहार, आरोग्य, शिक्षण या गरजा वेगवेगळ्या मोजून चालत नाही. पाण्यापायी शाळा बुडली की शाळेतला पोषण आहारही बुडतो. पहिली ते पाचवीच्या मुलांना त्यातून रोज ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिनं मिळायला हवीत. शिवाय वारंवार जुलाब होत असतील, तर खाल्लेलं अंगी लागत नाही. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात राज्यातली पाच वर्षांखालची सुमारे ३५ टक्के मुलं वयाच्या मानाने बुटकी आढळली. त्यामागे एवढं एकच कारण नाही, पण हेही एक आहे.

शिक्षण हक्क कायद्याने शाळेत पिण्याचं पाणी आणि मुलींसाठी वेगळं स्वच्छतागृह बंधनकारक केलंय. पण त्या स्वच्छतागृहात पाणीच नसेल, तर पाळीच्या दिवसांत मुलगी घरी थांबते. हजेरीपटावर फक्त 'गैरहजर' असं लागतं.

वाशिम २०१८पासून आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत आहे. जिल्ह्यातून समृद्धी महामार्गही गेला, चांगलंच झालं. पण गावाची प्रगती सकाळी सात वाजता पोरीच्या हातात दप्तर आहे की हंडा, यावरूनही मोजायला हवी.

तुमचं वय १८ झालंय, मतदारयादीत नाव आहे? मग ग्रामसभेत बोलायचा हक्क तुमचा आहे. पुढच्या सभेत दोनच प्रश्न विचारा. नळाचं पाणी शाळेच्या वेळेआधी सोडता येईल का? आणि शाळेच्या स्वच्छतागृहाच्या टाकीत रोज पाणी भरायची जबाबदारी कोणाची? उत्तरं इतिवृत्तात लिहून घ्यायला मात्र विसरू नका.