भिंतीवरची गोरी द्रौपदी

माझं फ्रेमिंगचं दुकान आहे. लोक घरात काय टांगतात, ते मला पाठ आहे. मुलाच्या खोलीत घोड्यावरचे शिवाजी महाराज, मुलीच्या खोलीत दिवा धरलेली नाहीतर घागर घेतलेली बाई. कृष्ण हवा, पण ‘जरा उजळ प्रिंट दाखवा ना, दादा!’ महाभारतातली सावळी द्रौपदी कॅलेंडरवर दुधासारखी गोरी.

चित्रकार राजा रवि वर्मांनी १८९४ मध्ये मुंबईत छापखाना काढला, पुढे तो मळवलीला गेला. तिथे छापलेल्या तसबिरींमुळे देव साध्यासुध्या घरांत आले, हे मोठंच काम. पण लक्ष्मी म्हणजे गोरी, दागिन्यांनी मढलेली बाई, हा साचाही त्यांनीच घरोघर पोचवला. नातीला ‘उन्हात काळवंडशील’ म्हणून दटावणारी आजी त्याच तसबिरीला हार घालते.

आजीची तसबीर उतरवा, असं मी म्हणणार नाही. काच तडकली तर मीच बदलून देईन. नवं चित्र घेताना मात्र मुलीला सोबत आणा. परवा एका शाळकरी मुलीने चित्रकार अमृता शेरगिलच्या १९३५ मधल्या ‘थ्री गर्ल्स’चं प्रिंट उचललं. त्या गव्हाळ-सावळ्या, गप्प बसलेल्या तिघी बघून आई म्हणाली, ‘किती उदास गं!’ ‘असू देत की,’ मुलगी म्हणाली. सागवानी फ्रेम ठरली आहे.