जुनी मोटार केव्हा विकावी?

गेल्या दिवाळीनंतर आम्ही बडोद्यास गेलो असता मकरपुऱ्यातील एका जुन्या स्नेह्यांकडे उतरलो होतो. खंडेराव महाराजांनी १८७० साली बांधलेल्या उन्हाळी राजवाड्यामुळे हे गाव पूर्वी प्रसिद्ध होते. आज ते कारखान्यांच्या वसाहतीमुळे ओळखले जाते. आमच्या स्नेह्यांचे सारे आयुष्य तेथेच लेथवर गेले.

त्यांच्या पडवीत ताडपत्रीखाली एक एम.जी. टी.सी. उभी होती. दोन आसनांची, उघड्या टपाची ही इंग्रजी मोटार १९४५ ते १९४९ या काळात अ‍ॅबिंग्डन येथे तयार होत असे. ही गाडी त्यांच्या थोरल्या बंधूंनी तरुणपणी जुन्या बाजारात घेतली होती. बंधू तीन वर्षांपूर्वी वारले. तेव्हापासून घरात एकच वाद चालू होता. नातीच्या नर्सिंगच्या शिक्षणासाठी गाडी विकावी, असे घरच्या बाईंचे म्हणणे, स्नेही म्हणत, “आणखी थोडे थांबू, भाव चढेल.”

भावाची ही आशा निराधार नव्हती. जानेवारी २०२३ मध्ये लक्ष्मीविलास राजवाड्याच्या आवारात जुन्या मोटारींचे मोठे प्रदर्शन भरले होते. तेथील गर्दी त्यांनी डोळ्यांनी पाहिली होती. परंतु राजेरजवाड्यांसाठी खास घडविलेली एकुलती एक मोटार निराळी आणि सुमारे दहा हजार निघालेली टी.सी. निराळी. हालोलच्या कारखान्यातून २०१९ पासून एम.जी. याच नावाच्या मोटारी बाहेर पडतात, पण त्यांचा एकही भाग या गाडीस उपयोगी पडत नाही.

शिवाय मोटार नुसती उभी ठेवणे म्हणजे जपणे नव्हे. टाकीतील पेट्रोल चिकट होऊन कार्ब्युरेटर तुंबतो, ब्रेकमधील रबर कडक होते, टायर एका जागी दबतात. टी.सी.च्या पत्र्याखाली तर अ‍ॅश नावाच्या लाकडाचा सांगाडा असतो. लोखंडाचा गंज दिसतो; लाकूड मात्र पावसाळ्यागणिक आतून कुजत जाते आणि दार नीट लागेनासे झाले म्हणजेच ते कळते. आम्ही डावे दार लावून पाहिले. ते उचलून लावावे लागले.

मग आम्ही विचारले, “कागदपत्रे कुणाच्या नावे आहेत?” स्नेही गप्प झाले. गाडी अद्याप बंधूंच्याच नावावर होती. म्हणजे विकायची की ठेवायची, हा प्रश्न मुळात त्यांचा एकट्याचा नव्हताच. हक्क आधी वहिनींचा. त्या वसईस असतात. तीन वर्षांत त्यांना कुणी विचारले नव्हते!

त्याच रात्री फोन झाला. वहिनी म्हणाल्या, “भावोजी, गाडी तुम्हीच सांभाळलीत. तुमचे हात चालतात तोवर देऊन टाका. घेणाऱ्याला ती शिकवायला कुणीतरी हवे ना!” आलेल्या पैशांतून निम्मे नातीच्या शिक्षणास द्यावेत, असेही त्यांनीच सुचविले.

पुढे वारसाची नोंद झाली. २०२१ च्या नियमांप्रमाणे पन्नास वर्षांहून जुनी व मूळ रूपात राखलेली मोटार ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदविता येते. नव्या नोंदणीस २०,००० रुपये पडतात व ती दहा वर्षे चालते. मात्र अशी गाडी प्रदर्शन, मेळावा, दुरुस्ती वा इंधन यांसाठीच रस्त्यावर काढता येते, रोजच्या वापरासाठी नव्हे. हे गिऱ्हाइकास आधीच स्पष्ट सांगितलेले बरे. कुजक्या लाकडाचेही त्यांनी सांगितले. किंमत थोडी उतरली, पण मागाहून तक्रारीस जागा उरली नाही.

मार्चमध्ये गाडी गेली. त्यापूर्वी दोन रविवार स्नेह्यांनी घेणाऱ्या तरुणास शेजारी बसवून शिकविले: सकाळी चोक किती ओढावा, पहिला गियर गाडी पुरती थांबल्याखेरीज का टाकू नये.

वाचकहो, आपल्यापैकी कुणाच्या पडवीत एम.जी. नसेल, जुनी मोटारसायकल, पंप वा शिवणयंत्र असेल. ते अजून चालते आहे, त्याच्या खोडी जाणणारा माणूस हयात आहे आणि नवा धनी त्याच्यापाशी शिकावयास तयार आहे, तोवरच त्याची खरी किंमत येते. भाव चढण्याची वाट पाहावी. परंतु दार उचलून लावण्याची पाळी येण्यापूर्वी वाट पाहणे थांबवावे. आणि सर्वांआधी कागदावरचे नाव पाहावे.