चिकटवहीच्या पानाला समास हवा

पुण्यातल्या अप्पा बळवंत चौकात चिकटवहीचं सामान घेताना नवशिक्याचा हात आधी चकचकीत स्टिकर आणि रंगीत टेपकडे जातो, आणि पान बिघडायला तिथूनच सुरुवात होते. पान सुधारायचं तर सजावटीआधी कोरी जागा ठरवावी, असं माझं ठाम मत आहे. याचा पुरावा याच शहरात, १९१७ साली स्थापन झालेल्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेने जपलेल्या पोथ्यांसारख्या हस्तलिखितांत सापडतो. हातकागद जपून वापरायच्या काळातही लेखनिक आडव्या पानाच्या दोन्ही बाजूंना उभ्या रेघा आखून रुंद समास सोडत. पान उलटताना बोटं तिथे पडत. कड झिजली तरी मजकूर वाचे, आणि राहून गेलेलं अक्षर तिथेच लिहिता येई.

चिकटवहीतही चारही बाजूंनी बोटभर जागा सोडावी, एकच फोटो मोठा ठेवावा, बाकीचे दोन-तीन त्याच्या कडेशी रेषेत लावावेत आणि डिंकाची बाटली उघडण्याआधी सगळं नुसतं मांडून बघावं. पालखीच्या पानावर एका वारकऱ्याचा चेहरा मोठा असला, की गर्दीचे सहा फोटो लागत नाहीत. तारीख, ठिकाण आणि नावं मात्र लागतातच. नियमांनी हौस मरते, असा आक्षेप येईल. लहान मुलांपुरता तो खरा आहे, त्यांना पान खुशाल भरू द्यावं. मोठ्यांची वही मात्र अर्धवट राहते ती बहुधा गर्दीने पान फसल्यावर. शाळांनीही प्रकल्पवहीतल्या चमकीला गुण देणं थांबवून ते फोटोखालच्या नोंदीला द्यावेत.