जय अनुसंधान, अधिक जीएसटी

फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने सुंदरबनातल्या गरोळ मेंढीचं जुळ्यांचं जनुक आपल्या दख्खनी मेंढीत उतरवलं आणि ‘नारी सुवर्णा’ घडवली. आता कुठल्या कोकरात ते जनुक आलंय, हे कान धरून कळत नाही. रक्ताची डीएनए चाचणी लागते. ते काम पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने केलं. म्हणजे म्हसवडच्या धनगराच्या वाड्याचं प्रयोगशाळेतल्या बाटलीशी थेट सोयरपण. दिल्लीच्या अर्थपंडितांना हे कोणी सांगायचं?

१८ जुलै २०२२. सरकारी संशोधन संस्थांच्या उपकरणांवरचा जीएसटी ५ टक्क्यांवरून थेट १८ वर. आणि बरोबर चार आठवड्यांनी, १५ ऑगस्टला, लाल किल्ल्यावरून गर्जना: ‘जय अनुसंधान’! मुहूर्त काढावा तर असा.

हिशेब करा. पन्नास लाखांच्या यंत्रावर अडीच लाख कर होता, तो झाला नऊ लाख. मंजूर अनुदान जुनंच. वरचे साडेसहा लाख कुठून आणायचे? रसायनं कमी करा, पोरांच्या शिष्यवृत्त्या लांबवा. सरकारनेच द्यायचं, सरकारनेच कापून घ्यायचं, आणि मधे पावत्या चिकटवायला पीएचडी झालेला माणूस. याला म्हणे संशोधनाला प्रोत्साहन!

पण खरा कळस जुलै २०२४च्या अर्थसंकल्पात. प्रयोगशाळेच्या रसायनांवर सीमाशुल्क १० टक्क्यांवरून... बसा आधी... १५० टक्के! शंभराच्या बाटलीवर दीडशे शुल्क. कारण काय, तर या नावाखाली कोणी इथेनॉल आणत होतं. चोर सोडून संन्याशाला फाशी, तीही संन्याशाच्या खर्चाने. ओरड झाली तसं काही दिवसांतच शुल्क पुन्हा १०वर आलं. वर ‘रसायन स्वतःच्याच प्रयोगशाळेत वापरू’ असं हमीपत्र. मग काय शास्त्रज्ञ ते बाजारात पथारी टाकून विकणार होते?

त्याच वर्षी ऑगस्टात दिल्लीच्या आयआयटीला १२० कोटींची नोटीस. संशोधनासाठी मिळालेल्या अनुदानावर जीएसटी भरा म्हणे! ९ सप्टेंबरला जीएसटी परिषदेला उपरती झाली आणि अशा अनुदानांना सूट मिळाली. लगेच आभारप्रदर्शन. स्वतःच मारलेल्या थपडेवर फुंकर घातली, त्याचे आभार!

अर्थमंत्रालयाला एकच विनंती. पुढचा दर ठरवण्याआधी कुठल्याही प्रयोगशाळेच्या भांडारपालाला फोन करा. तो दोन मिनिटांत सांगेल काय होईल ते. त्याच्या सल्ल्यावर अजून तरी जीएसटी नाही.