धूर की थंडी?

शिकागोच्या डेव्हन ॲव्हेन्यूवर वाणसामान भरताना आपल्या माणसांचं एक संभाषण हमखास कानावर पडतं. "पाहुणे यायचेत, कोट आतल्या खोलीत टाकून दार लावून घे, नाहीतर फोडणीचा वास बसेल." वास! अमेरिकेत आलेल्या आपल्या दोन पिढ्या या वासाच्या लाजेत गेल्या. शेजारी नाक मुरडतील म्हणून खिडकी बंद. जिन्यात वास जाईल म्हणून दाराखालच्या फटीत टॉवेल. मंडळी, कोटाची एवढी काळजी वाहणाऱ्यांनी छातीची कधी वाहिली? कोट निदान ड्रायक्लीनला देता येतो.

या रस्त्यालगतच्या एका विटांच्या टू-फ्लॅटमध्ये मी काही वर्षं काढली. गॅसच्या वर पंखा होता. चालू केला की घाट चढणाऱ्या एसटीसारखा घरघरायचा, त्यामुळे तो काम करतो याविषयी आमच्या मनात शंका नव्हती. तरी ठेच्याच्या मिरच्या तव्यावर पडल्या की आतल्या खोलीत झोपलेलं पोर ठसका लागून उठायचं. एकदा पुसायला म्हणून स्टुलावर चढले आणि कपाळावर गरम, तेलकट वारा आला. पंख्याच्या वरच्या बाजूला फटी होत्या. तो धूर ओढत होता आणि चिकट झालेल्या जाळीतून गाळून परत घरातच सोडत होता! भिंतीतून बाहेर जाणारा पाइप नव्हताच. घरमालकांना सांगितलं, तर म्हणाले, "पंखा फिरतोय ना?" फिरत होता खरा.

आनंदीबाई जोशी आपण अभिमानाने सांगतो. 1883 मध्ये त्या फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयात दाखल झाल्या, 1886 मध्ये पदवी घेतली आणि 26 फेब्रुवारी 1887 ला, वयाची बावीस वर्षंही पुरी झालेली नसताना, क्षयाने गेल्या. त्यांच्या चरित्रातला एक तपशील मात्र आपण सांगत नाही. फिलाडेल्फियातल्या त्यांच्या खोलीतली शेकोटी नीट नव्हती. पेटवली तर खोलीभर धूर, विझवली तर हाडं गोठवणारी थंडी. क्षय धुराने झाला असं मी म्हणत नाही. पण धूर की थंडी हा प्रश्न अमेरिकेतल्या मराठी माणसापुढे तेव्हापासून आहे, आणि दर डिसेंबरला आपण निमूटपणे धूर निवडतो.

गंमत अशी की ज्यांनी शिकागोतली ही जुनी घरं बांधली त्यांनी तो निवडला नव्हता. 1918 च्या इन्फ्लुएन्झाच्या साथीनंतर आरोग्य खात्यांनी खेळत्या हवेचा धोशा लावला होता. त्या काळच्या वाफेच्या रेडिएटरांची क्षमता अशा बेताने धरत, की कडाक्याच्या थंडीत खिडकी उघडी असली तरी खोली ऊबदार राहावी. आपण त्याच खिडक्यांना प्लास्टिक चिकटवतो आणि रेडिएटरवर ओले कपडे वाळत घालतो. मग फेब्रुवारीत कपाटामागे काळी बुरशी दिसते, आणि तिच्या कुबट वासावर उपाय म्हणून आणखी एक उदबत्ती लागते.

उदबत्तीचं नाव काढलं की लोक दुखावतात, म्हणून सरळच सांगते. उदबत्ती असो, धूप असो की जळकं तेल, त्यातून केसाच्या जाडीच्या तिसाव्या भागाएवढे नि त्याहून बारीक कण निघतात आणि फुप्फुसात खोलवर जाऊन बसतात. देवाला एक उदबत्ती पुरते, तीही खिडकी इंचभर उघडून. गॅसच्या ज्योतीची गोष्ट वेगळी. वर भांडं नसलं तरी तिच्यातून नायट्रोजन डायऑक्साइड निघतो, आणि दम्याच्या मुलांना तो बाधतो. गावाकडे चुलीपुढे फुंकणी घेऊन बसणाऱ्या आज्यांच्या मानाने आपण सुखी आहोत, कबूल. पण त्या आजीच्या स्वयंपाकघरात कौलांत धुराडं असायचं. आपल्याकडे तेही नाही.

आणि ज्याला वासच नाही त्याचं काय? बिघडलेल्या बॉयलरमधून येणारा कार्बन मोनॉक्साइड झोपेतच माणूस नेतो. उपनगरात घराला चिकटलेल्या गॅरेजमध्ये सकाळी गाडी तापत ठेवणाऱ्यांनीही हे वाक्य पुन्हा वाचावं. शिकागोत 1994 पासून घरात त्याचा अलार्म सक्तीचा आहे. इलिनॉयच्या कायद्याप्रमाणे तो झोपायच्या प्रत्येक खोलीपासून 15 फुटांच्या आत हवा. तो बसवून देणं मालकाचं काम, बॅटरी सांभाळणं आपलं. भाजी चिरताना पिपाणी वाजली म्हणून बॅटरी काढून ठेवलेले अलार्म मी किती घरांत पाहिले, ते सांगत बसत नाही. जमिनीतून झिरपणारा रेडॉन तसाच, रंगहीन नि गंधहीन. अमेरिकेत फुप्फुसाच्या कर्करोगाने त्याच्यापायी वर्षाला सुमारे 21,000 माणसं दगावतात, असा सरकारी अंदाज आहे. नवखे विद्यार्थी स्वस्त म्हणून अर्ध्या तळघरातल्या खोल्या घेतात, आणि तळघरात तो जास्त साठतो. चाचणीची पुडी हार्डवेअरच्या दुकानात मिळते. आकडा लिटरमागे 4 पिकोक्युरीच्या वर गेला तर दुरुस्ती करायची, विद्यार्थ्याने सोसायचं नाही.

तेव्हा उठा! आज स्टुलावर चढा आणि पंख्याच्या वर हात धरा. वारा हाताला लागला तर मालकाला लेखी कळवा: पाइप बाहेर काढून द्या. तोवर फोडणी मागच्या बर्नरवर करा, तिथला धूर पंखा जास्त पकडतो. खिडकी आधी उघडा, आणि स्वयंपाक झाल्यावरही दहा मिनिटं उघडी ठेवा. थंडी? 15 सप्टेंबर ते 1 जून, दिवसा निदान 68 आणि रात्री 66 अंश फॅरनहाइट ऊब देणं शिकागोत मालकावर बंधनकारक आहे. देत नसेल तर 311 फिरवा. तक्रार केली तर भाडेकरार जाईल ही भीती एकट्याला वाटते. एका इमारतीतल्या सहा घरांनी एका कागदावर सह्या केल्या की ती पुष्कळ कमी होते. त्या सहांत तेलुगू असतील, पाकिस्तानी असतील, धूर सगळ्यांचा एकच आहे.

27 जून 2023 आठवतो? कॅनडातल्या वणव्यांच्या धुराने शिकागोची हवा त्या दिवशी जगातल्या मोठ्या शहरांत सर्वांत वाईट होती. अशा दिवशी खिडकी बंदच हवी. त्यासाठी 2020 मध्ये रिचर्ड कॉर्सी आणि जिम रोझेंथल या दोघांनी एक साधी पेटी सुचवली. मर्व्ह-13 चे चार फिल्टर उभे करून चौकोन करायचा, खाली पुठ्ठा, वर 20 इंची बॉक्स फॅन, फटींना डक्ट टेप. फिल्टरवरचे बाण आतल्या बाजूला. पोरंसोरं अर्ध्या तासात बनवतात. गणपतीच्या मखराला थर्माकोल कापणारे आपले हात, त्यांना हे जड का जावं? मंडळांनी एक शनिवार द्यावा. ज्यांच्या घरी दम्याचं मूल आहे किंवा भारतातून आलेले आईवडील हिवाळाभर आत बसून असतात, त्यांना पहिल्या पेट्या द्याव्यात.

दिवाळी तोंडावर आहे. डेव्हनवरून भाजणी आणि तेलाचे डबे घरी येतील, चकल्यांचे घाणे तासन्‌तास चालतील. कोट आत ठेवायचे तर ठेवा. पण कढई चढवण्याआधी स्टूल तेवढं ओढा, आणि पंख्यावर हात धरून बघा.