मला सगळे माहीत आहे!



अलिबागकडच्या एका वाचक मुलीचे पत्र आले आहे. ती एका दवाखान्यात नर्स आहे. नोकरीला दोन वर्षे झाली. ती लिहिते, "ताई, आमच्या वॉर्डातल्या एक ज्येष्ठ सिस्टर कोणाचेच ऐकत नाहीत. काही सांगायला गेले की म्हणतात, तू कालची पोर, मला शिकवतेस? एकदा तर सर्वांसमोर म्हणाल्या, तुम्हा लोकांना नोकरी मिळते, पण अक्कल कुठून येणार? त्या रात्री मी खूप रडले. आता काही दिसले तरी गप्प बसते. बरोबर करते ना?"

बाळ, रडलीस ते मी समजू शकते. पण गप्प बसतेस ते बरोबर नाही. का ते सांगते. त्याआधी माझीच एक चूक सांगते, कारण एके काळी मीसुद्धा अशीच 'सगळे माहीत असलेली' सिस्टर होते.

मी रायगडच्या किनारपट्टीवरच नोकरी केली. भातकापणीचे दिवस होते. रात्री एक कातकरी बाप सहा-सात वर्षांच्या मुलीला खांद्यावर घेऊन आला. भाताच्या भाऱ्याखालचा विंचू तिला चावला होता. पोर फारशी रडत नव्हती. मी म्हटले, "दुखणे कमी झालेय, बाहेर बसा." बाप म्हणाला, "बाय, पोरीचे हात गार पडलेत." मी म्हटले, "एवढ्या थंडीतून चालत आलात, गार पडणारच."

आमच्या मावशी तिथेच फरशी पुसत होत्या. त्यांनी पोरीच्या पायाला हात लावला. म्हणाल्या, "सिस्टर, पाय पण गार हायेत. आणि घाम बघा, झगा भिजलाय." मी खेकसले, "मावशी, तुम्ही फरशी पुसा!"

मावशींनी फडके खाली ठेवले आणि सरळ जाऊन डॉक्टरांना उठवून आणले. डॉक्टरांनी नाडी पाहिली, रक्तदाब घेतला, मग माझ्याकडे पाहिले. काही बोलले नाहीत. पोर वाचली, पण ती मावशींमुळे. गार हात आणि घाम ही धोक्याची खूण असते हे मी शिकलेले होते. मावशी काही शिकलेल्या नव्हत्या, पण त्यांनी पोरीला हात लावून पाहिला. मी लावला नव्हता.

ही खूण डॉक्टर लोकांना कोणी दाखवली, ठाऊक आहे? आपल्याच जिल्ह्यातल्या एका डॉक्टरांनी. महाड म्हटले की आपल्याला चवदार तळे आठवते. त्याच महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात १९७६ साली डॉ. हिंमतराव बावस्कर नोकरीला लागले. जालना जिल्ह्यातल्या खेड्यातले, गरिबीतून शिकलेले. त्या काळी इथे लाल विंचवाच्या दंशाने धडधाकट माणसे आणि लहान मुले मरत. तीव्र विष भिनलेल्या शंभर रुग्णांतले चाळीसच्या आसपास दगावत. ॲट्रोपिन, स्टिरॉईड असली औषधे रिवाजाप्रमाणे दिली जात. त्यांनी गुण येत नसे, आणि ॲट्रोपिनने तर अपायच होतो, हे पुढे कळले.

'वरून सांगितलेले औषध दिले, माझे काम झाले' असे बावस्करांना म्हणता आले असते. त्यांनी तसे केले नाही. ते रुग्णाच्या उशाशी बसले आणि काय काय होते ते लिहीत गेले. विष भिनू लागले की उलट्या होतात, दरदरून घाम सुटतो, हातपाय गार पडतात, रक्तदाब चढतो. पुढे हृदय थकते, फुप्फुसात पाणी भरते आणि तोंडाला फेस येतो. गंमत अशी की, ज्याला विष जास्त चढते त्याला कधी कधी दुखते कमी. म्हणूनच 'दुखत नाही ना, मग जा घरी' हे वाक्य फार घातकी. या धोक्याच्या खुणांवरचा त्यांचा लेख १९८२ साली 'लॅन्सेट' या विलायती वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. रक्तदाबाची साधी, स्वस्त 'प्राझोसिन' गोळी या विषबाधेवर उपयोगी पडते, हे त्यांनी १९८६ साली त्याच 'लॅन्सेट'मध्ये मांडले. ती वेळेवर मिळू लागल्यावर मृत्यूचे प्रमाण शंभरात एक-दोनावर आले.

मला त्यांची पुढची गोष्ट जास्त मोठी वाटते. विंचवाच्या विषावर प्रतिविष निघाले, तेव्हा 'माझी गोळी असताना याची गरज काय?' असे म्हणून ते बसले नाहीत. त्यांनी आणि त्यांच्या पत्नी डॉ. प्रमोदिनी यांनी महाडला ७० रुग्णांवर पारख केली. निम्म्यांना नुसते प्राझोसिन दिले, निम्म्यांना प्राझोसिन आणि प्रतिविष दोन्ही. दोन्ही मिळालेल्या ३५ पैकी ३२ जण दहा तासांत पूर्ण बरे झाले. नुसत्या गोळीवर ३५ पैकी ८. हा निकाल त्यांनी २०११ साली जगापुढे ठेवला. स्वतःच्या औषधापेक्षा चांगले काही असू शकते हे स्वतःच तपासून सांगणे, याला मी नम्रता म्हणते. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

आता तुझ्या प्रश्नाकडे येते. लहानांनी बोलावे की नाही, हा प्रश्न जगभरच्या दवाखान्यांत आहे. म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने २००८ साली ऑपरेशनच्या वेळी वाचायची एक यादी काढली. त्यात असे आहे की, चाकू लावण्यापूर्वी तिथल्या प्रत्येकाने आपले नाव आणि काम सांगायचे. एकदा नाव सांगितले की सर्वांत लहान नर्सलाही पुढे 'थांबा' म्हणायला धीर येतो. दिल्लीसह आठ शहरांतल्या आठ इस्पितळांत ही यादी वापरून पाहिली. मृत्यूचे प्रमाण दीड टक्क्यावरून पाऊण टक्क्याच्या आसपास आले.

म्हणून तू असे कर.

बोलताना रुग्णाबद्दल बोल, बाईंबद्दल नको. 'तुमचे चुकतेय' म्हणण्याऐवजी 'सिस्टर, मला नाडी १४० लागली, आपण दोघी पुन्हा मोजू या का?' असे म्हण. आकड्याशी भांडता येत नाही. जे दिसले ते वेळेसह कागदावर लिही.

एकदा सांगून ऐकले नाही तर दुसऱ्यांदा सांग, 'मला काळजी वाटते' असे स्पष्ट सांग. तरी ऐकले नाही तर सरळ डॉक्टरांना बोलाव. रुग्णाचा जीव ज्येष्ठतेची यादी पाहून थांबत नाही. रागावतील तर रागावोत.

घाईचे काम नसेल तर चारचौघांत बोलू नकोस. चहाच्या वेळी एकटीने भेट. त्यांच्या हातात काहीतरी कसब असेलच. तान्ह्या बाळाची शीर त्यांना एका झटक्यात सापडत असेल. ते मनापासून शिकून घे. 'मला सगळे माहीत आहे' म्हणणाऱ्या माणसाच्या पोटात पुष्कळदा भीती असते. नवी औषधे, नवी यंत्रे, नव्या शिकलेल्या मुली. माझ्या पोटात होती.

मात्र जातीवरून जे बोलल्या, ते याच्यात मिसळू नकोस. ते सोसणे म्हणजे नम्रता नव्हे. तारीख, वेळ, कोणासमोर बोलल्या ते लिहून ठेव आणि वरिष्ठांकडे लेखी तक्रार दे. १९८९चा अत्याचार प्रतिबंधक कायदा आहे, जाणत्या वकिलाला विचार.

आणि शेवटचे. उद्या तूही ज्येष्ठ होशील. तेव्हा एखादी मावशी, एखादी कोळीण आई, एखादा कातकरी बाप तुला काही सांगेल. बाबासाहेबांमुळे आपल्याला शिकायला मिळाले. ज्यांना अजून मिळाले नाही, त्यांचे ऐकून घेण्याइतके तरी शिक्षण आपल्या अंगी असावे.

त्या मावशींची माफी मागायला मला तीन दिवस लागले. त्या हसल्या आणि म्हणाल्या, "सिस्टर, चहा घ्या."