टोमॅटोच्या रंगावरून निवाडा

उन्हाळ्यांत टोमॅटो पिवळट निघाला कीं आपण बागवानास बोल लावतों व भाव पाडून मागतों. हा मला अन्याय वाटतो. टोमॅटोस तांबडेपणा देणारें लायकोपीन हें रंगद्रव्य सुमारें २० ते २५ अंश सेल्सिअस उष्णतेंत उत्तम तयार होतें. पारा ३०-३२ अंशांपलीकडे गेला कीं तें बनणें जवळजवळ थांबतें. पिवळें कॅरोटीन मात्र बनत राहतें. मग फळ पिकूनही नारिंगीच दिसतें. यांत माळ्याचा काय अपराध? पानांची सावली फळांवर राखावी, छाटणी बेताची करावी, एवढेंच त्याच्या हातीं. तेव्हां पालकांनीं मंडईंत फळ हुंगून पाहावें, व रास्त भाव द्यावा.

थंडींत उलट प्रकार. गार जमिनींतून मुळांस स्फुरद नीट मिळत नाहीं, म्हणून रोपांच्या पानांची खालची बाजू कधीं कधीं जांभळी होते. पुष्कळजण रोग समजून रोपेंच उपटतात! थोडी ऊब येतांच त्यांस नवीं पानें हिरवीं फुटतात.